‘पूर्ण’ झालेला अर्ज: सायटोडाइनच्या शेअरचं प्रकरण

३० जून २०२० रोजी सायटोडाइन या अमेरिकी कंपनीचा शेअर १० डॉलरला टेकला. सहा-सात महिन्यांपूर्वी तोच शेअर ३०-३५ सेंटला मिळत होता. कंपनीकडे विक्रीची परवानगी मिळालेलं एकही औषध नव्हतं. नॅस्डॅकवर नोंद नव्हती, व्यवहार ओटीसी, म्हणजे मोठ्या एक्स्चेंजबाहेरच्या बाजारात चालायचे. तरी कागदावरचं बाजारमूल्य ५ अब्ज डॉलरच्या घरात गेलं होतं. आणि शेअर होते मुख्यतः छोट्या गुंतवणूकदारांच्या हातात, कारण मोठे फंड ओटीसीच्या वाटेला सहसा जात नाहीत.

पुढची दोन वर्षं या गुंतवणूकदारांमध्ये एकच वाद पेटता राहिला: सीईओ नादेर पूरहसन प्रामाणिक आहेत की लबाड? एका बाजूचं म्हणणं, माणूस औषधासाठी जिवाचं रान करतोय, पण मोठ्या औषध कंपन्या आणि शॉर्ट सेलर (उसने शेअर विकून भाव पडण्यावर पैसे लावणारे) त्याला उभं राहू देत नाहीत. दुसरी बाजू म्हणायची, औषध सोन्यासारखं आहे, त्याला हटवलं की शेअर उडेल. दोन्ही बाजू एका गोष्टीवर मात्र एकमताच्या होत्या: औषध चालतं. वाद फक्त हेतूचा. आमच्या मते चूक इथेच झाली. हेतू बाहेरून दिसत नाही, कागद दिसतात. या प्रकरणातले बहुतेक महत्त्वाचे कागद त्या त्या वेळी अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या एडगर या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध होते.

कंपनीकडे नेमकं काय होतं

लेरोनलिमॅब, जुनं नाव प्रो १४०. हे एक मोनोक्लोनल प्रतिपिंड, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन आहे. पेशीच्या पृष्ठभागावर सीसीआर५ नावाचं प्रथिन असतं, एचआयव्हीचा विषाणू बऱ्याचदा त्या दारातून आत शिरतो. हे प्रतिपिंड ते दार अडवतं. आठवड्यातून एकदा कातडीखाली इंजेक्शन. २०१२ मध्ये सायटोडाइनने ते प्रोजेनिक्स कंपनीकडून ३५ लाख डॉलर आगाऊ देऊन घेतलं. कल्पना खोटी नव्हती: याच सीसीआर५ला रोखणारी मॅराविरॉक ही गोळी २००७ पासून बाजारात आहे. आणि नेमका हाच प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. गोळी असताना इंजेक्शन कुणाला हवं? उत्तर असं की, अनेक औषधांना दाद न देणारा एचआयव्ही झालेल्या थोड्याच रुग्णांना. ज्या मुख्य चाचणीवर कंपनीचा अर्ज उभा होता तीत रुग्ण होते ५२.

उत्पन्न शून्य असलेली कंपनी जगते कशावर? नवे शेअर विकून. हे एक वाक्य डोक्यात पक्कं असलं की पुढचं सगळं वेगळं दिसू लागतं. अशा कंपनीचा खरा विकाऊ माल औषध नसतो, शेअर असतो. आणि त्या मालाची जाहिरात म्हणजे प्रसिद्धिपत्रक. यात बेकायदा काही नाही. शेकडो प्रामाणिक बायोटेक कंपन्या अशाच चालतात. मात्र अशा कंपनीच्या प्रत्येक बातमीत हातात आलेली रोकड किती आणि पुढे कधीतरी मिळू शकणारी किती, हे वेगळं काढावं लागतं.

नमुना डिसेंबर २०१९ चा. अमेरिकेत एचआयव्हीसाठी हे औषध विकण्याचे हक्क व्हायरा फार्मास्युटिकल्सला दिले. मथळ्यात आकडा होता ८ कोटी ७५ लाख डॉलर. करारातला तपशील: आगाऊ ५ लाख डॉलर, शिवाय ४० लाख डॉलरची शेअर खरेदी. बाकीचे सगळे परवानगी मिळाली आणि विक्रीचे टप्पे गाठले तरच. मथळ्याच्या शंभरातले पाचच रुपये हातात पडले, असा तो हिशेब.

‘पाठवला’ आणि ‘स्वीकारला’

प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

अमेरिकेत जैविक औषध विकायचं तर एफडीए या तिथल्या औषध नियामक संस्थेकडे बीएलए, म्हणजे जैविक औषधाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. काही औषधांना तो तुकड्यातुकड्याने पाठवायची मुभा असते, त्याला रोलिंग सबमिशन म्हणतात. प्रयोगशाळेतला भाग आधी, उत्पादनाचा नंतर, रुग्णांवरच्या चाचण्यांचा भाग शेवटी. शेवटचा तुकडा पोहोचला की घड्याळ सुरू होतं. पहिले ६० दिवस एफडीए औषध चांगलं की वाईट हे ठरवत नाही. अर्ज तपासण्याजोगा आहे का, तक्ते जागेवर आहेत का, माहितीचे संच उघडतात का, विश्लेषण पुरेसं आहे का, एवढंच बघते. नसेल तर दाखल करून घ्यायलाच नकार देते. अर्ज दाखल झाला तरच खरी तपासणी: प्राधान्याने सहा महिने, एरवी दहा.

म्हणजे पाठवला, दाखल झाला, मंजूर झाला, या तीन वेगवेगळ्या पायऱ्या. पहिली पायरी पूर्णपणे कंपनीच्या हातात. कोऱ्या कागदांचा गठ्ठा पाठवला तरी ‘पाठवला’ हे वाक्य खरंच ठरतं.

सायटोडाइनने हा अर्ज पुरा करण्याच्या तारखा आधी अनेकदा दिल्या होत्या आणि त्या हुकल्या होत्या. २७ एप्रिल २०२० रोजी कंपनीने जाहीर केलं की अर्ज पूर्ण पाठवला. मे महिन्यात आणखी भाग पाठवल्याचं तिनेच सांगितलं. ‘पूर्ण’ झालेल्या अर्जात दोन आठवड्यांनी भर पडते, ही विसंगती उघड्यावर पडलेली होती; पण शेअर चढत होता, आणि चढत्या शेअरमध्ये असे प्रश्न विचारणारा माणूस नावडता होतो. जुलैमध्ये एफडीएने अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला.

पुढे सरकारी वकिलांनी मेरीलँडच्या संघीय न्यायालयात जे मांडलं ते थोडक्यात असं: अर्ज अपुरा आहे हे पूरहसन यांना आणि तो तयार करणाऱ्या अॅमारेक्स या कंत्राटी संशोधन कंपनीचे प्रमुख काझेम काझेमपूर यांना ठाऊक होतं; तरीही घोषणा करता यावी म्हणून तो रेटून पाठवला गेला. आरोपपत्र डिसेंबर २०२२ मध्ये आलं. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यूरीने पूरहसन यांना रोख्यांमधली फसवणूक, वायर फ्रॉड (फोन, इंटरनेटसारख्या माध्यमांतून केलेली फसवणूक) आणि अंतर्गत माहितीवर व्यवहार या आरोपांवर दोषी ठरवलं. काझेमपूर यांनाही फसवणुकीच्या आरोपांवर.

म्हणजे ‘लबाड’ म्हणणारे जिंकले? अर्धेच. त्यांच्यातल्या अनेकांनीही शेअर धरूनच ठेवला होता, कारण त्यांच्या लेखी माणूस खोटा असला तरी औषध खरं होतं.

तीन दिवसांतली विक्री

घोषणा २७ एप्रिलची, सोमवार. गुरुवारी, ३० एप्रिलला पूरहसन यांनी स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, वापरून शेअर घेतले आणि विकले. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार त्यातून त्यांना सुमारे ४४ लाख डॉलर मिळाले.

अमेरिकेत कंपनीच्या अधिकाऱ्याने व्यवहार केला की दोन कामकाजी दिवसांत फॉर्म ४ भरावा लागतो. हा फॉर्म एका पानाचा असतो आणि वाचायला पाच मिनिटं लागतात. व्यवहाराच्या रकान्यातलं अक्षर बघायचं. ‘एम’ म्हणजे ऑप्शन वापरला, ‘एस’ म्हणजे बाजारात विक्री, ‘एफ’ म्हणजे करापोटी शेअर कापले, ‘पी’ म्हणजे स्वतःच्या पैशाने बाजारातून खरेदी. एम आणि लगेच एस, आणि शेवटी उरलेल्या शेअरचा आकडा फारसा वाढलेला नाही, तर त्या माणसाने रोख उचलली. तळटीपही वाचायची: विक्री आधीच ठरवून ठेवलेल्या १०बी५-१ योजनेनुसार असेल तर तसं तिथे लिहिलेलं असतं.

एकट्या फॉर्म ४ वरून कुणी चोर ठरत नाही. घर घ्यायचं असेल, कर भरायचा असेल, ऑप्शनची मुदत संपत असेल. प्रश्न विक्री का केली हा नसून आगेमागे काय घडलं हा आहे. स्वतःच केलेल्या मोठ्या घोषणेनंतर, आणि त्या घोषणेचा निकाल ६० दिवसांत लागायचा असताना, तो निकाल लागण्याआधी विक्री झाली आहे. अर्ज दाखल होईल याची खात्री असलेला माणूस दोन महिने थांबला असता, असं म्हणायला जागा आहे.

मग छोट्या गुंतवणूकदारांनी हे मनावर का घेतलं नाही? कारण शेअर पुढे दोन महिन्यांत तिप्पट झाला. सीईओने ३ डॉलरच्या आसपास विकला आणि भाव १० वर गेला. म्हणजे बिचाऱ्याचंच नुकसान झालं, त्याला कसली आतली माहिती, असा युक्तिवाद उभा राहिला. तो ऐकायला पटण्यासारखा आहे आणि तरीही फसवा आहे. अंतर्गत माहिती म्हणजे उद्याचा भाव ठाऊक असणं नव्हे. अर्जाची खरी अवस्था ठाऊक असणं, एवढंच पुरतं. भाव वर गेला तो हे औषध कोविडवरही चालेल या आशेवर, अर्जाच्या गुणवत्तेवर नाही.

भारतीय वाचकासाठी एक जोड. सेबीच्या नियमांत आतल्या मंडळींनी एका तिमाहीत १० लाख रुपयांवरचे व्यवहार केले की दोन कामकाजी दिवसांत कळवावं लागतं आणि ते एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर दिसतात. आपल्याकडच्या छोट्या औषध कंपन्यांचे शेअर घेणारे तिमाही निकाल बघतात, हे पान क्वचितच उघडतात.

शॉर्ट सेलरचं भूत

भाव पडला की एक आकडा फिरू लागायचा: आज ४५ टक्के व्यवहार शॉर्ट होते! हा आकडा फिन्रा या, अमेरिकेतल्या शेअर दलालांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या रोजच्या यादीतला. आकडा खरा, अर्थ चुकीचा. बाजारात खरेदीची ऑर्डर आली की मार्केट मेकर (खरेदी-विक्री सतत चालू ठेवणारा दलाल) बऱ्याचदा हातात शेअर नसताना आधी विकतो आणि पुढच्या काही क्षणांत दुसरीकडून घेऊन खातं सरळ करतो. त्याची ती पहिली विक्री यादीत ‘शॉर्ट’ म्हणूनच नोंदते. म्हणून कुठल्याही शांत शेअरमध्येही हा आकडा ४०-५० टक्के सहज दिसतो. खरोखर उघडे राहिलेले शॉर्ट सौदे बघायचे तर महिन्यातून दोनदा येणारा शॉर्ट इंटरेस्ट बघावा लागतो, आणि तो एकूण शेअरच्या तुलनेत.

भुताचा एक उपयोग मात्र होता. पुरवठा नेमका कुठून वाढतोय याकडे लक्ष जायचं नाही. तो वाढत होता कंपनीच्याच छापखान्यातून. अधिकृत शेअरची, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त काढू शकेल त्या शेअरची मर्यादा २०२० मध्ये ८० कोटी झाली, २०२१ मध्ये १०० कोटी, २०२२ मध्ये १३५ कोटी, २०२३ मध्ये १७५ कोटी. दर वेळी भागधारकांचं मत घेऊन. म्हणजे जे लोक शॉर्ट सेलरच्या नावाने बोटं मोडत होते त्यांच्यातल्याच कितीतरी जणांनी नव्या शेअरच्या बाजूने मत दिलं. न देऊन करणार काय? मर्यादा वाढली नाही तर पैसे संपतात.

हिशेब साधा ठेवू. कंपनीचं मूल्य समजा २०० कोटी डॉलरवर स्थिर आहे. शेअर ८० कोटी असताना एका शेअरच्या वाट्याला अडीच डॉलर. ते १७५ कोटी झाले तर १ डॉलर १४ सेंट. कुणी शॉर्ट केलं नाही, कुणी कट केला नाही, तरी निम्म्याहून जास्त गेलं.

दहा डॉलरचं मधाचं बोट

नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने परिवर्तनीय, म्हणजे शेअरमध्ये बदलता येणारा कर्जरोखा काढला. कर्जाची रक्कम २ कोटी ८५ लाख डॉलर, हातात आले २ कोटी ५० लाख. फरक आधीच कापलेला. वर १० टक्के व्याज. शेअरमध्ये बदलण्याचा भाव मात्र १० डॉलर, बाजारभावाच्या कितीतरी वर! एवढा मोठा सावकार १० डॉलरला शेअर घ्यायला तयार आहे, म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार, असा निष्कर्ष निघाला.

अटी खालपर्यंत वाचल्या की चित्र उलटं. सहा महिन्यांनंतर सावकाराला दरमहा ठरावीक रकमेची परतफेड मागता येत होती. रोकड नसलेली कंपनी ती परतफेड कशाने करणार? तेव्हाच्या भावाने ठरवलेले नवे शेअर देऊन. सावकाराला शेअर १० डॉलरला घ्यायचेच नव्हते. तो भाव शोभेचा होता. एप्रिल २०२१ मध्ये त्याच आकाराचे आणखी दोन रोखे निघाले.

अशा रोख्यात भाव बघू नये. तीन जागा बघाव्यात: मूळ रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांतला फरक, दरमहा परतफेडीची अट, आणि परतफेड शेअरने करायची तर कोणत्या भावाने. या अटी ८-के अर्जाला (मोठ्या घडामोडींची रोखे आयोगाला दिलेली माहिती) जोडलेल्या करारात असतात, प्रसिद्धिपत्रकात नाही.

कोविडचे आकडे

कोविडमध्ये दोन चाचण्या झाल्या. सौम्य ते मध्यम आजाराच्या ८६ रुग्णांवर एक, गंभीर रुग्णांवर दुसरी, जीत ३९४ जण होते. दोन्ही चाचण्या आपल्या मुख्य निकषावर नापास झाल्या. दुसरीचा मुख्य निकष होता २८ दिवसांतले मृत्यू. औषध दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत फरक दिसला नाही.

मार्च २०२१ मध्ये कंपनीने मथळ्यात आणला तो उपगट: अतिगंभीर अवस्थेतले ६२ रुग्ण, ज्यांच्यात मृत्यू कमी दिसले. उपगट काढणं पाप नाही, पुढच्या चाचणीची दिशा त्यातूनच मिळते. पण वीस वेगवेगळ्या तऱ्हांनी रुग्ण विभागले आणि औषधात काडीचाही दम नसला, तरी त्यांपैकी निदान एका विभागात ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. शाळेत गणित केलेल्या कुणालाही ०.९५ चा विसावा घात काढून हे पडताळता येईल. म्हणून प्रश्न एकच: हा उपगट चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवला होता का, आणि मुख्य निकष पास झाला का?

१७ मे २०२१ रोजी एफडीएने या औषधाबद्दल जाहीर निवेदन काढलं आणि उपलब्ध माहितीवरून कोविडमध्ये फायदा दिसत नाही असं सांगितलं. परवानगी नसलेल्या औषधाबद्दल ही संस्था सहसा तोंड उघडत नाही. ज्यांना कट दिसत होता त्यांना त्यातही कटच दिसला.

बंडखोरांचेही हितसंबंध

जून २०२१ मध्ये काही भागधारकांनी संचालक मंडळ बदलण्यासाठी आपले उमेदवार पुढे केले. छोट्या गुंतवणूकदारांच्या एका गटाला वाटलं, तारणहार आले. उमेदवारांची नोटीस मुदतीला जेमतेम दोन दिवस असताना दिली गेली. कंपनीने जवळजवळ महिनाभर गप्प बसून मग ती अपुरी ठरवून फेटाळली. प्रकरण डेलावेअरच्या चान्सरी न्यायालयात गेलं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल बंडखोरांच्या विरुद्ध लागला. कारण वाचण्यासारखं आहे. मोहिमेला पाठबळ कुणाचं आहे हे त्यांनी नीट उघड केलं नव्हतं. आणि एका उमेदवाराची स्वतःची कंपनी सायटोडाइनने विकत घ्यावी असा प्रस्ताव पूर्वी आला होता, त्या व्यवहाराची शक्यताही सांगितली नव्हती. मंडळाच्या महिनाभराच्या मौनावर न्यायाधीश खूश नव्हते, पण शेवटच्या क्षणी अर्धवट नोटीस देणाऱ्याला दुरुस्तीची संधी मागायला वेळच उरत नाही.

संत शोधायला गेलेल्यांना इथे दुसरे हितसंबंधच सापडले. उमेदवार अर्ज कुणाचाही असो, जुन्यांचा किंवा नव्यांचा, त्यात ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ हा परिच्छेद आधी वाचावा.

पुढे काय झालं ते झरझर. जानेवारी २०२२ मध्ये पूरहसन यांना मंडळाने काढलं. ज्यांनी ‘तो गेला की शेअर उडेल’ यावर पैसे लावले होते त्यांची परीक्षा आता झाली: शेअर उडाला नाही. मार्चमध्ये एफडीएने एचआयव्हीच्या चाचण्यांवर अंशतः आणि कोविडच्या चाचण्यांवर पूर्ण स्थगिती आणली. ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्या व्यवस्थापनाने तो गाजलेला अर्ज स्वतःहून मागे घेतला; कारण कंत्राटी कंपनीने सांभाळलेल्या माहितीच्या दर्जाची खात्री देता येत नव्हती. परवानगी मिळणारच या भरवशावर आधीच बनवून घेतलेला कोट्यवधी डॉलरचा औषधसाठा ताळेबंदात मालमत्ता म्हणून मिरवत होता, तोही बुडीत काढावा लागला. हा साठाही १०-के या वार्षिक अहवालात सगळ्यांना दिसत होता. मुदत संपणारं, परवानगी नसलेलं औषध ‘मालमत्ता’ धरलंय, हे वाचून थबकायला हवं होतं.

क्रम लावायचाच तर असा लावावा. ताज्या १०-क्यू, म्हणजे तिमाही अहवालात हातातली रोकड बघायची, तिला तिमाहीत जळणाऱ्या रोकडीने भागायचं; उत्तर दोनपेक्षा कमी असेल तर नवे शेअर येणार हे धरून चालायचं. मग शेअरची संख्या, त्यात वॉरंट (गुंतवणूकदारांना पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा दिलेला हक्क) आणि ऑप्शन मिळवून, दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडायची. मग फॉर्म ४. मग चाचणीची मूळ नोंद सरकारी यादीत उघडून मुख्य निकष काय लिहिला होता ते बघायचं. प्रसिद्धिपत्रक सगळ्यात शेवटी, आणि त्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून: पाठवला, चर्चा केली, अपेक्षित आहे, मिळाला. एवढं करायला एक दुपार लागते. सीईओच्या मुलाखतीतला आवाज आत्मविश्वासाचा वाटला की घाबरलेला, यावर घासाघीस करायला लोकांनी महिने घातले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने स्थगिती उठवली. लेरोनलिमॅब आता मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर तपासलं जातंय, वेगळ्या व्यवस्थापनाच्या हाताखाली. आता फॉर्म ४ वर नावं नवी आहेत, पण चाचणीचा खर्च नवे शेअर विकूनच भागतो.